टाचणीनं काढलेला नकाशा

मी एका आंधळ्या माणसाला चित्र दाखवलं.

ट्रॉम्सो, जानेवारी, दुपारी दोनचा अंधार.
ओडमुन्ड यंत्रातून नुकताच बाहेर आलेला,
बुटांच्या नाड्या बांधत बसलेला,
आणि मी पडदा त्याच्याकडे वळवून ओरडले,
"हे बघ!"

बत्तीस वर्षांची होते. पहिलंच अनुदान.
आणि त्याच्या मेंदूत, अगदी मागच्या भिंतीशी,
जिथे चव्वेचाळीस वर्षं समुद्र दिसत आला होता,
तिथे वाटाण्याएवढा उजेड,
बोट ब्रेलवरून फिरताना लागलेला.
स्पर्शानं बिऱ्हाड थाटलं होतं तिथे.
नजर जाताना किल्ली कुणाकडे ठेवून गेली
कुणास ठाऊक.

तो माझ्या आवाजाकडे तोंड करून थांबला.
मग सौजन्यानं म्हणाला,
"छान आहे का?"

त्या रात्री मला जेवण गेलं नाही.
जाड कागद घेतला, खाली लोकरी शालीची घडी,
आणि टाचणीनं, मागच्या बाजूनं,
एकेक भोक पाडत गेले.
मागून टोचायचं म्हणजे डावं उजवीकडे जातं.
तीनदा चुकले. चौथा कागद पहाटे पुरा झाला,
पहाट म्हणायची फक्त घड्याळापुरती.

मंगळवारी त्यानं तो मांडीवर घेतला.
कॉड साफ करून करून राठ झालेलं बोट
कपाळाकडून निघालं,
माथ्यावरून सावकाश,
डोंगर उतरावा तसं मागे उतरलं
आणि ठिपक्यांच्या दाटीत थबकलं.
"इथे?"
"तिथेच."
"म्हणजे आत्ता हे जे कळतंय, तेही इथेच कळतंय?"

हो, म्हणाले मी, घाईत, वहीत वेळ टिपत.
कशाला हो म्हणाले ते उमगायला काही वर्षं गेली.
ती जागा स्वतःचाच नकाशा वाचत होती.
बोट तिच्यावर होतं,
आणि ती बोटात.

निबंधात हे नाही.
निबंधात सतरा सहभागी आहेत, एक आलेख,
आणि "जुळवून घेणे" हा शब्द एकोणीस वेळा.

तो हसायचा त्या शब्दाला.
म्हणायचा, नोव्हेंबरात सूर्य बुडाला
की सगळं गाव दोन महिने माझ्याकडे राहायला येतं,
आणि काय धडपडतात बिचारे!

गुन्वोर हसायची नाही.
सहभागी क्रमांक नऊ, लिंगेनच्या चर्चमध्ये गायची,
एक्कावन्नाव्या वर्षी तापानं दोन्ही कान नेले.
ओठ वाचायला सगळ्यांत लवकर ती शिकली.
आलेखात सगळ्यांत उंच रेघ तिची.
चौथ्या भेटीत तिनं माझ्या वहीत लिहिलं,
"रेघ वर चालली आहे, बरं आहे.
पण हे माझ्या अंगवळणी पडू नये असं मला वाटतं."
पाचव्यांदा आली नाही.
आम्ही लिहिलं: सहभाग सोडला.
सरासरी थोडी खाली आली, एवढंच.

एकतीस वर्षं झाली.
मुलं विचारतात, तुम्ही नेमकं काय सिद्ध केलंत?
मेंदूत जागा ओस पडत नाही, सांगते मी,
आणि लगेच गुन्वोरचं ते तिरपं अक्षर आठवतं,
मग चहा घेणार का, असं काहीतरी विचारते.

परवा ओडमुन्डची मुलगी येऊन गेली.
त्याच्या खणात मिळालं म्हणाली, तुमचंच असेल.
कागद पिवळा पडला आहे, कडेला माशाच्या तेलाचा डाग.
बाकी सगळे ठिपके शाबूत,
फक्त मागच्या भिंतीशी, वाटाण्याएवढ्या जागेत,
घासून घासून सपाट.

दार लावलं. दिवा घालवला.
कपाळाकडून निघाले, माथा, उतार.
माझं बोट अडाणी,
दोनदा वाट चुकलं, पुन्हा कडेवर आलं.
मग एकदम गुळगुळीत कागद लागला,
आणि मी तिथेच बोट ठेवून बसले,
खाली कुणीतरी सायकलचं कुलूप काढेपर्यंत.